मोडलं तेवढंच मागा

मी मूळचा उमरोळीचा नाय. सफाळ्याच्या पूर्वेला डोंगराच्या पायाशी आमचा पाडा, तिथं बापाची पावसावरची जमीन, जमीन म्हणजे काय, गाय आडवी झाली तर शेपूट दुसऱ्याच्या बांधावर जाईल एवढी. भात झोडून झालं की अख्खा पाडा दाराला कडी घालून बाहेर पडायचा, कोण वीटभट्टीवर, कोण रेतीवर. मी बापाच्या खांद्यावर बसून भट्टीला गेलो आणि पुढं बापाच्या शेजारी उभा राहून विटा थापल्या, आणि एक दिवस म्हटलं बस्स, मातीत हात घालीन तर माझ्या स्वतःच्या. बाप म्हणाला, मग करशील काय? मी म्हटलं, बघतो. बघतो बघतो म्हणत माकुणसारला आलो. तिथं झाडांचे एक जुने व्यापारी होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे, त्यांना झाडावर चढणारा माणूस पायजे होता. माकडासारखा चढायचो मी. आता गुडघे करकरतात, पण अजून झाडाखाली उभा राहिलो की पायाचे अंगठे आपोआप वळतात.

आमचा धंदा उक्त्याचा. उक्तं म्हणजे झाडावर फळ असतानाच अख्ख्या झाडाचा एकच भाव ठरवायचा, विसार द्यायचा, आणि मग झाड दोन टेंपो देवो नायतर दोन टोपल्या, वारा येवो, माकडं येवोत, नफा आपला आणि रडणंही आपलं. आंबा, चिंच, जांभूळ, सगळं मी उक्तं घेतलेलं हाय. दादांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, भाव बोलायच्या आधी झाडाला फेरी मारायची, सावकाश, खालून वर बघत, घाई करायची नाय. दुसरी, मालकासमोर झाडाला नावं ठेवायची. मनात झाड कितीपण आवडू दे, तोंडानं बोलायचं, काय हो, पोकळ दिसतंय, फांदीला कीड हाय, गेल्या साली धरलं म्हणजे यंदा कुठलं धरतंय, म्हातारं झालं, सरपणाला बरं. मालकाचं तोंड उतरलं की भाव उतरतो. यात मी असा तयार झालो की केळव्यापासून बोईसरपर्यंत बागायतदार मला बघितला की म्हणायचे, आला बाबा, झाडं झाका. माझी जीभ आणि माझा राग, दोन्हींवर मी घर बांधलं, टेंपो घेतला, मुलीला शिकवून बोईसरला दिली. कोणाच्या बापाचं एका विटेचं देणं नाय माझ्यावर.

आणि यमुना. ती काय सांगू तुमाला. दादांच्या खळ्यावर फळं निवडायला यायची, उकिडवी बसली की दिवस मावळेपर्यंत उठायची नाय, हात चालू आणि तोंडपण चालू, हसवून हसवून बाकीच्या बायांना बेजार करायची. मी झाडावरून उतरलो आणि तिला म्हटलं, माझ्याशी लग्न करशील काय? ती म्हणाली, आधी माझ्या चार खोडी सांगा, त्याशिवाय तुमी काय घेत नाय म्हणतात. असं आमचं जमलं.

लग्नानंतर ती माझ्याबरोबर झाडं बघायला यायची. मी झाडाला नावं ठेवायचो, मालक चिडायचा, सौदा व्हायचा, आमी निघायचो, आणि ही मागं राहायची. वळून बघतो तर खोडावर हात ठेवून उभी. मी ओरडायचो, यमे, चल की, आता काय झाडाशी लग्न लावतेस? तर म्हणायची, तुमी इतकं वाईट बोललात, झाडाला ऐकू येतं, त्याला सांगून आले की आमच्या माणसाचं मनावर घेऊ नको, तो तसाच हाय. प्रत्येक झाडाला. मी हसायचो. पण खोटं कशाला बोलू, तिनं हात लावलेल्या झाडानं मला फारसं फसवलं नाय.

अजून एक करतो आमी. तुमच्याकडं करतात काय माहीत नाय. इथं उमरोळीला आमच्या परसात एक रायवळ आंबा हाय, जागा घेतली तेव्हापासूनचा. एखाद्या साली धरत नाय असा. तर थंडी पडायला लागली, मोहराच्या आधी, मी कोयता घेऊन झाडासमोर उभा राहतो, कोयता उगारतो आणि मोठ्यानं बोलतो, या झाडाचा काय उपयोग, खातंय आणि पसरतंय, तोडतो आज. आणि यमुना घरातून धावत येते, माझ्या आणि झाडाच्या मधी उभी राहते आणि म्हणते, नका तोडू हो, यंदा धरेल, मी सांगते ना. मग मी म्हणतो, तू सांगतेस म्हणून सोडतो. झालं. दादा सांगायचे, हे एकट्यानं करायचं नाय. नुसता उगारणारा असला तर झाड धास्तीनंच सुकतं. आड येणारं माणूस पायजेच. पायजे म्हणजे पायजेच.

हे सगळं लिहून घेताय ताई तुमी, का सांगतोय ते पुढं कळेल तुमाला. 

आंब्याचे दिवस होते. आमी रस्त्याच्या कडेला टेंपोत कॅरेट चढवत होतो, बोईसरच्या बाजारात माल जायचा होता. मी टेंपोत वर, यमुना खाली, ती कॅरेट उचलून देतेय, मी घेतोय. भरदिवसा, सरळ रस्ता. एक गाडी पालघरकडून आली, पांढरी, मोठी, पुढच्या रिक्षाला वाचवायला गेली आणि कडेला आली. मी वरून बघितलं ना. यमुनाचे दोन्ही हात कॅरेटखाली होते, ती बाजूला तरी कशी होणार. कॅरेट उडालं, आंबे रस्ताभर, आणि ती टेंपोच्या आणि त्या गाडीच्या मधी बसली, बसली म्हणजे पडली, आणि मला म्हणते कशी, अहो, आंबे गोळा करा, चिरडतील.

उजव्या गुडघ्याचा पार चुरा. ऑपरेशन, पट्टी, स्क्रू, मग घरी खाट. तो गाडीवाला तिकडं तारापूरच्या एका कारखान्यात साहेब. थांबला होता तेवढा, पळाला नाय, पोलिसांना नाव दिलं, कागद दिले, पण कानाला फोन लावून लांब उभा, तिच्या जवळ आला नाय. आणि नंतरपण आला नाय. माझं सगळं दुखणं तिथं. दवाखान्यात आला नाय, घरी आला नाय. दोन आठवड्यांनी एक माणूस पाठवला, हातात टोपली, वर चकचकीत कागद. काय हाय म्हणून बघतो तर सफरचंदं. अहो, माझ्या घरी फळं! माझ्या! त्या माणसाला मी असा बोललो की तो चपला हातात घेऊन गेला. यमुना खाटेवरून म्हणते, त्या बिचाऱ्याला कशाला, तो हमाल. मी म्हटलं, ज्यानं पाठवलं तो कुठं हाय? त्याला माणूस दिसत नाय काय?

तेव्हापासून मी मनात आकडा धरला. पोलिसांचे कागद कोर्टात गेले, आता नुकसानभरपाईचा दावा लावायचा होता. महिना गेला, साहेब आला नाय, मी आकडा चढवला. पाऊस लागला, आला नाय, अजून चढवला. नवरात्र झालं, आला नाय. शेवटी माझा आकडा वीस लाखावर गेला, आणि खरं सांगू का, त्यातले निम्मे गुडघ्याचे नव्हतेच, ते त्याच्या न येण्याचे होते.

पालघरला एक वकीलबाई केली, रेखाच्या ओळखीची, रेखा म्हणजे आमची मुलगी. वकीलबाई माझ्या मुलीच्याच वयाची, पण डोकं थंड. तिनं समजावलं, काका, पैसे साहेब देणार नाही, विमा कंपनी देणार. आपण किती मागायचं ते आपणच ठरवायचं, पण मागू त्याला आधार लागेल. सरकारी दवाखान्यात मंडळासमोर तपासणी होईल, पाय किती निकामी झाला त्याचा दाखला मिळेल, त्यावर सगळं. मी म्हटलं, वीस लाख लिही. ती म्हणाली, आकड्याची जागा मोकळी ठेवते, दाखला आला की भरू. मी म्हटलं, म्हणजे जेवढी लंगडी तेवढा भाव? तर ती जरा कसनुशी झाली, म्हणाली, असं बोलू नका काका, पण हो, तसंच काहीसं.

आता माझ्यासारख्या माणसाला एवढं सांगितल्यावर काय होणार? स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर एकजण असतो, सगळ्या कोर्टकचेऱ्यांचं ज्ञान त्याच्याकडं, तो म्हणाला, शेठ, काकींना तपासणीपर्यंत चालू देऊ नका, पाय टेकू देऊ नका, चालती बाई बघितली की डॉक्टर पेन खाली ठेवतो. मला पटलं. आणि इकडं यमुनाचं काय चाललेलं? दिवाळीच्या आसपास तिनं भिंतीला धरून उभं राहायला घेतलं. मी बाहेर गेलो की खाट ते दार, दार ते खाट. एक दिवस मी मधीच परत आलो तर ही परसदारात, एका हातानं कडी धरलेली, घामानं भिजलेली, आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं लहान पोरीनं पहिल्यांदा सायकल चालवली. म्हणते, बघा, आंब्यापर्यंत जाऊन आले. आणि मी काय बोललो? मी म्हटलं, गप खाटेवर बस, तपासणीपर्यंत दाराबाहेर पाय ठेवायचा नाय, शेजारचे बघतात, उद्या कोणी जाऊन सांगितलं तर?

तिचं हसू गेलं. ती बसली.

तपासणीची तारीख यायला पाच-सहा महिने गेले, तोवर ती घरातल्या घरात काठीनं वावरायला लागली होती, तरी त्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीवर नेली. डॉक्टर चांगला होता, घाईत होता पण चांगला. तिला विचारलं, काय त्रास होतो मावशी? ती तोंड उघडायच्या आत मी सुरू झालो. काय सांगू तुमाला, तोंडातून तेच शब्द बाहेर पडले जे आयुष्यभर पडले. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, काय राहिलंय हिच्यात, वरून दिसते तेवढीच, आतून पोकळ झाली, बसून खाते, उठत नाय, काय कामाची नाय, घरात पडलेला ओंडका म्हणा. असं अख्ख्या खोलीसमोर. तिथं दुसरे पेशंट होते, नर्स होत्या. डॉक्टर म्हणाला, काका, तुम्ही जरा बाहेर थांबा, मी त्यांचा पाय बघतो. मी बाहेर येऊन उभा राहिलो आणि मनात म्हटलं, बरं बोललो, भाव लागला.

टेंपोतून परत येताना ती बोलली नाय. घरी आल्यावर बोलली नाय. जेवायला वाढलं, सगळं केलं, पण बोलली नाय. यमुना आणि बोलत नाय! दुसऱ्या दिवशी रेखा आली, तिच्याशी बोलली, माझ्याशी नाय. मी आधी चिडलो. म्हटलं, कोणासाठी करतोय मी हे, माझ्यासाठी? तुझ्याच गुडघ्याचे पैसे येणार ना? भांडं आपटलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग हळूच म्हणाली, तुमी जेवढ्या झाडांना बोललात त्या सगळ्यांना हात लावायला मी गेले. काल माझ्याकडं कोण आलं?

बास. एवढंच.

मी परसात गेलो. आंब्यासमोर उभा राहिलो. दादांचं बोलणं आठवलं, हे एकट्यानं करायचं नाय. मी कोयता उगारला होता, ताई, आणि आड यायला कोणीच नव्हतं, कारण जी आड येते तिच्यावरच उगारला होता.

परत आत आलो आणि म्हटलं, सांग तू, किती मागायचे? आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याला भाव विचारला. ती म्हणाली, मोडलं तेवढंच मागा. जे अजून शाबूत हाय ते कशाला विकता? मी चालणार हाय. तुमी वीस म्हणा नायतर पन्नास, मी चालणार. मी म्हटलं, मग मोडलं काय? तर म्हणाली, ते तुमीच बघा, झाडाला फेरी मारता ना.

टोमणा होता तो. पण मी खरंच फेरी मारली. दुसऱ्या दिवशी धंद्यावर गेलो नाय. नुसता घरात बसलो आणि तिला बघितली, सावकाश, बोललो काय नाय. काठी घेऊन चालते, बरी चालते. पाणी भरते. भाकरी उभ्यानं भाजते. कोणी बघेल तर म्हणेल, काय झालंय हिला? आणि दुपारी मला ओटीवर वाढलं, मी पाटावर बसलो, म्हटलं, तू ये की. म्हणाली, तुमी जेवा, मला भूक नाय, मागून जेवते. मी अर्धं जेवण ठेवून उठलो आणि आत गेलो. ती ओट्याला टेकून, ताटली हातात धरून, उभ्यानं जेवत होती.

मी म्हटलं, कधीपासून? म्हणाली, खाट सोडली तेव्हापासून. गुडघा दुमडतच नाय हो. चालते, पण बसता येत नाय.

म्हणजे बघा. माझ्या डोळ्यासमोर, माझ्या घरात, आणि मला दिसलं नाय, मी लंगडी किती ते मोजत होतो. लग्न झाल्यापासून आमी जमिनीवर शेजारी बसून जेवलो. माल निवडायला ती उकिडवी बसायची, आता ती बसत नाय म्हणून मी दोन बाया लावल्या होत्या आणि त्यांच्या मजुरीवरून रोज चिडत होतो. आळीत हळद होती तेव्हा ही डोकं दुखतंय सांगून घरी राहिली, मी बंदी केली म्हणून नाय, तर सगळ्या बाया खाली सतरंजीवर, हिच्यासाठी खुर्ची आणली असती, मग ही एकटी वर, पाहुणी असल्यासारखी. उलटं ठेवलेलं कॅरेट, त्यावर पाय लांब करून बसून तांदूळ निवडायची, ते मी रोज बघत होतो आणि कॅरेट जागेवर का ठेवत नाय म्हणून ओरडत होतो.

पालघरहून दाखला आला. डॉक्टरनं बरोबर तेच लिहिलेलं, चालता येतं, गुडघा दुमडत नाय, खाली बसता येत नाय, कायमचं. माझ्या भाषणातला एक शब्द त्यात नव्हता. वकीलबाईकडं गेलो, म्हटलं, मोकळ्या जागेत पाच लाख लिही. ती म्हणाली, काका, वीस म्हणत होतात. निदान दहा लिहू, कंपनी तोडून निम्म्यावर आणणार, तुम्ही व्यापारी, तुम्हाला मी काय सांगू. मी म्हटलं, दवाखान्याचा खर्च, दोन बायांची मजुरी, आणि जे बसणं गेलं त्याचे. पाच. वर एक पैसा नाय, खाली एक पैसा नाय. ती हसली, म्हणाली, हे तुम्ही बोलताय? मी म्हटलं, मी नाय बोलत, मालकीण बोलते.

लोकअदालतीला तारीख लागली. जज्जसाहेब, बाजूला अजून दोघं, समोर कंपनीचा माणूस, टाय लावलेला, चेहरा दगडाचा. मी यमुनाला म्हटलं, खुर्ची आणू? म्हणाली, काठी पुरे. आणि चालत आत आली. दारापासून टेबलापर्यंत, पदर सारखा करत, ताठ. मी बघत होतो कंपनीच्या माणसाकडं. त्याचा चेहरा खुलला ना. म्हणाला, साहेब, बाई तर चांगल्या चालतात, अडीचच्या वर आमची तयारी नाही. अगदी माझंच बोलणं, ताई! मीच आयुष्यभर बोललो ते, फांदीला कीड हाय, सरपणाला बरं. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी वाटलं, हा माझाच चेला दिसतो.

वकीलबाई उठायच्या आत मी उठलो. तिनं माझा हात धरला, तिला वाटलं भांडतोय. पण मी भांडलो नाय. मी म्हटलं, साहेब, चालते, चांगली चालते, तिनं स्वतःच्या जिवावर शिकलंय ते, त्याचे पैसे आमाला नकोत. तिला फक्त एक करायला सांगा, इथं खाली बसायला सांगा. जज्जसाहेबांनी तिच्याकडं बघितलं. मी म्हटलं, आमच्या घरात जेवण खाली, माल खाली, पूजा खाली, हळदीकुंकू खाली, नातवाला मांडीवर घ्यायचं ते खाली. ही बाई माझ्या घरात सहा महिने उभ्यानं जेवली आणि मला सांगितलं नाय. माझ्या तोंडात आजपर्यंत कोणाचं चांगलं आलं नाय साहेब, पण हिच्यासारखं माणूस नाय. ही पोकळ नाय. जे मोडलं तेवढंच मागतोय. पाच.

जज्जसाहेब कंपनीच्या माणसाला म्हणाले, बघा, विचार करा. तो बाहेर जाऊन फोन करून आला, म्हणाला, चार. मी म्हटलं, पाच. असं थोडं चाललं. शेवटी चार पंच्याहत्तरवर त्यानं हात जोडले, आणि मी पाचावर अडून बसणार, तर यमुनानं काठी माझ्या पायावर हळूच टेकवली. म्हणजे घ्या. घेतले. पण पंचवीस हजार खाल्ले त्यांनी, लिहा तुमी हे, पंचवीस हजार खाल्ले, मी विसरणार नाय.

बाहेर व्हरांड्यात तो उभा होता. साहेब. गाडीवाला. दाव्यात नाव म्हणून त्यालापण नोटीस गेलेली. मी ओळखला आणि माझं डोकं पेटलं, म्हटलं, आता बरा आलास. पण यमुना पुढं झाली. त्याला म्हणते कशी, ती सफरचंदं तुमीच पाठवलेली काय? तो मान खाली घालून म्हणाला, हो. ही म्हणाली, अगदीच पिठूळ होती हो, कोणी गळ्यात मारली? तो हसायला गेला आणि रडायलाच लागला. मोठा माणूस, पँटशर्ट, आणि डोळे पुसतोय. म्हणाला, मी आलो होतो मावशी, तुमच्या दारापर्यंत आलो होतो, आतून काका कोणावर तरी एवढे ओरडत होते की माझी हिंमत झाली नाही, परत गेलो. मी म्हटलं, मी कधी ओरडलो? कॅरेटवाल्याशी फोनवर बोलत असेन! यमुना म्हणाली, तेच सांगतोय तो.

त्याच्या न येण्याचे मी दहा लाख लावले होते आणि तो येऊन गेलेला. त्याला म्हटलं, चल, चहा पी. बिल त्यालाच देऊ दिलं, तेवढं मी सोडत नाय.

त्या पैशातून दवाखान्याची उसनवारी फिटली, बाकीचे तिच्या नावावर टाकले. आणि एक टेबल आणलं, पालघरहून, दोन खुर्च्यांचं. पहिल्या दिवशी मला घास गिळेना, पाय लोंबकळत ठेवून कधी जेवलोय मी? ती म्हणाली, तुमी खाली बसा की, तुमचे गुडघे कुठं गेलेत. मी म्हटलं, मग बोलणार कोणाशी, तुझ्या पायाशी? आता सवय झाली. तो साहेब मधी एकदा येऊन त्याच टेबलावर जेवून गेला. माल निवडायच्या दोन बायांना मी बोलत नाय आता, फारसा. आणि झाडं बघायला जातो तेव्हा अजून नावं ठेवतो, धंदा हाय तो, पण निघताना खोडाला हात लावून येतो. ती गाडीत बसून बघते, लावला की नाय.

परवा थंडी पडली. गेल्या मोसमात आमचा आंबा धरला नव्हता, धरेल कसा, आदल्या थंडीत दाव्याच्या गडबडीत कोणाला सुचलं होतं त्याला दम द्यायला? मी कोयता काढला, परसात गेलो, उगारला आणि मोठ्यानं ओरडलो, या झाडाचा काय उपयोग, तोडतो आज. आणि उभा राहिलो. पूर्वी माझं बोलणं संपायच्या आत ती मधी असायची. आता आतून आवाज आला, थांबा हो, येते. मग काठीचा टक टक. दाराची पायरी, तिथं जरा थांबली. मग परस. माझा हात वर, कोयता जड, खांदा भरून आला, शेजारच्या भिंतीवरून पोरं हसायला लागली, आजोबा पुतळा झाले म्हणून. मी कोयता खाली घेतला नाय. म्हटलं, सावकाश ये, झाड कुठं पळत नाय. ती आली. माझ्या आणि झाडाच्या मधी उभी राहिली, दम खाल्ला, एक हात खोडावर ठेवला आणि म्हणाली, नका तोडू हो, यंदा धरेल, मी सांगते ना.

मे महिन्यात या तुमी. धरलं तर एक कॅरेट तुमचं काढून ठेवतो, आणि भाव विचारायचा नाय. नाय धरलं तरी या.